भाकरी करून राहिले

लातूर
२ जानेवारी २०२५, गुरुवार

बँकेने शिवकांताचं कर्ज नाकारलं. पत्र एका ओळीचं आहे. ‘व्यवसाय चार वर्षांपासून बंद असल्याने अर्ज नामंजूर.’ मी ते वाचत होते तेव्हा माझ्या मागे स्वयंपाकघरात तो बंद असलेला व्यवसाय थप् थप् वाजत होता.

शिवकांता माझी भावजय. मन्मथ, माझा धाकटा भाऊ, कोरोनात गेला. त्यानंतर ही रडून झाल्यावर उठली आणि कडक भाकऱ्या करून विकायला लागली. ज्वारीच्या, कागदासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. आता उदगीर, नांदेडपर्यंत माल जातो. हैदराबादचं एक दुकान मागे लागलं आहे, म्हणून पीठ मळायचं यंत्र आणि वाळवायची मोठी भट्टी घ्यायची होती. त्यासाठी कर्ज.

मी तिला पत्र वाचून दाखवलं.

“बंद? मग ही थप्पी कुणाची हाय अक्का, मॅनेजरच्या आईची?”

माझ्या पेन्शनीतून देते म्हणाले होते. नको म्हणाली. मुलाचे, अमरनाथचेही नकोत. घर सासऱ्यांच्या नावावर, गॅस नवऱ्याच्या, फोनचं कार्डसुद्धा अमरनाथच्या नावावर. “एक कर्ज तरी माझ्या नावावर असू द्या,” म्हणते. लोक कर्जाला भितात, हिला ते दागिन्यासारखं हवंय.

उद्या बँकेत जाणार. मला भावजयीचा पुळका वगैरे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

(ही वही मराठीत लिहिते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी रोज डायरी लिहायची सवय लावली ती इंग्रजीत, पण इंग्रजीत माझा राग फार सभ्य होतो.)

३ जानेवारी

कर्जाच्या टेबलावर रविकिरण नावाचा मुलगा आहे. सांगलीकडचा, नवीन आलेला, भांग नीट पाडलेला.

“आजी, बसा ना.”

“आजी तुमच्या घरी. मी मंजुश्री बिडवे. टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त.”

त्याने संगणकात पाहिलं. म्हणाला, “मॅडम, मी स्वतः त्यांना फोन केला होता. व्यवसाय चालू आहे का, विचारलं. त्यांनीच सांगितलं, भाकऱ्या करायच्या राहिल्या, चार वर्षं झाली. आता घरीच असतात.”

“ती असं म्हणाली?”

“शपथेवर सांगतो.”

मुलगा खोटारडा वाटला नाही. हे मला आवडलं नाही. खोटारड्यांशी भांडणं सोपं असतं.

घरी येऊन शिवकांताला विचारलं, बंद झालं असं सांगितलंस का? ती म्हणाली, मी कवा म्हणाले? मी म्हणाले, साहेबाच्या फोनला घाबरून काहीतरी बरळली असशील, तुझा काय नेम. परातीतलं पीठ तिने असं मळलं की मला माझीच मान आठवली.

५ जानेवारी

अमरनाथचा पुण्याहून फोन. माझा भाचा हुशार आहे, गुणी आहे, फक्त प्रत्येक वाक्य ‘कशाला’ने सुरू करतो. “कशाला कर्ज, कशाला भाकऱ्या? आत्या, तू तरी सांग आईला. पाडव्याला फ्लॅटचा ताबा मिळतोय, तिच्यासाठी खोली काढलीय. बँकेने नाही म्हटलं ना, मग झालं. संपलं. आई इकडे येईल.”

“आणि घर?” मी विचारलं.

“तू आहेस ना.”

मी आहेच. नोकरीत परभणी, नांदेड, जालना, सगळीकडे खोली घेऊन एकटीच राहिले. मला सवय आहे. शिवकांता पुण्याला गेली तर घर शांत होईल, पहाटेची थपथप थांबेल, मला सातपर्यंत झोपता येईल.

आज झोप लागली नाही, जेवण जड झालं असावं.

६ जानेवारी

शिवकांता बोलत नाही. आज माझ्या ताटात कडक भाकरी आली. गेली चार वर्षं ती माझ्यासाठी रोज एक मऊ भाकरी वेगळी टाकते, कारण माझी कवळी कडक भाकरीपुढे हात टेकते. आज टाकली नाही.

मी भाकरी आमटीत बुडवून, तोंडातून अवाक्षर न काढता खाल्ली. शरण जाणं माझ्या रक्तात नाही.

७ जानेवारी

सापडलं!

मी ओसरीवर पेपर वाचत होते. आत शिवकांता फोनवर कुणा नव्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिकडून काहीतरी विचारलं असणार, कारण ही म्हणाली, “हाव हाव, भाकरी करून राहिले, चार वर्षं झाली की आता. घरीच करून राहिले.”

माझा पेपर खाली पडला.

करून राहिले! आमच्याकडे याचा अर्थ ‘करते आहे’. लेकरूसुद्धा जाणतं. पण सांगलीच्या पोराच्या कानात काय गेलं? करायचं राहिलं. चार वर्षं झाली. आता घरीच.

खरं तर मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. नांदेडच्या एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते तेव्हा साताऱ्याची एक मुलगी आमच्यात लागली. मधूनच लायनीवर येऊन ती विचारायची, बोलणं झालं का? तिकडून लोक ओरडायचे, “बोलून राहिलो ना बाई!” तिला वाटायचं, बोलून झालं, आता नुसते धरून राहिलेत. ती जोडणीची दोरी उपटायची, की लाइन बंद. देगलूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची सोयरीक तिने एका दुपारी तीनदा तोडली.

आणि मी काय केलं जन्मभर? शिवकांता मुखेडहून लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिच्या या ‘राहिले’ने माझे कान किटले आहेत. क्रियापद संपलं की संपलं. त्याला आणखी राहायला कशाला ठेवायचं? मी हजारदा सुधारलं. ऐकेल तर शपथ.

तिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे मी बरळले न्हाई.”

“नाही.”

“बरं.”

माफी वगैरे मागितली नाही. तिची मोरपंखी इरकल बरेच दिवस चुरगळून पडली होती, ती इस्त्री करून आणली. रात्री ताटात मऊ भाकरी होती.

८ जानेवारी

दोघी बँकेत. मी रविकिरणला समजावून सांगितलं, साताऱ्याच्या मुलीची गोष्टही सांगितली. त्याचे कान लाल झाले. “मॅडम, मला खरंच वाटलं की…” मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, “एक सोपं आहे. नवीन अर्ज करा. त्यात एक ओळ लिहून द्या, की मागच्या वेळी अर्जदाराकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली. आठवड्यात काम होईल. नाहीतर नांदेडला विभागीय कार्यालयात अपील. त्याला महिने लागतात.”

मला ते पटलं. व्यवहारी सूचना होती. मी पेन काढलं.

शिवकांता म्हणाली, “कुणाकडून चूक झाली म्हणून लिहायचं?”

“तुमच्याकडून. म्हणजे नुसतं कागदावर, काकू.”

“कागदावरच तर सही करायची हाय ना बाबा. मी चुकले न्हाई. मग चुकले म्हणून सही कशी करू?”

“काकू, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे.”

“माझ्या नावावर पहिलं कर्ज काढून राहिले. ते चूक कबूल करून काढू?” आणि उठली. पदर खोचून चालायलाच लागली. मागे मी आणि माझं उघडं पेन.

रिक्षात तिला म्हणाले, हट्टीपणा करतेस. पाडव्याच्या आत काम झालं नाही तर अमरनाथ तुला घेऊन जाईल.

“तुमाला काय वाटतंय अक्का, जाऊ का?”

“मला काय वाटायचंय? तुझं तू बघ.”

ती गंजगोलाईपर्यंत बाहेरच बघत होती. या बाईच्या मनात काय चालतं, कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

अपील लिहिलं. सकाळपासून बसले होते. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायला आलेल्या बायकांना शिवकांताने परस्पर वाटेला लावलं, म्हणाली, “आज अक्काकडं जाऊ नका, त्या बँकेला लिहून राहिल्या.”

मग मसुदा वाचून दाखवायला लावला. मी लिहिलं होतं, ‘आपल्या अधिकाऱ्यास मराठी येते असा त्यांचा गैरसमज आहे.’ ती म्हणाली, हे काढा, पोरगं आहे, त्याची नोकरी जाईल. ‘ज्या मुलखात पगार घ्यायचा तिथली भाषा कानाआड करायची, हा कुठला शहाणपणा?’ हे ठेवा म्हणाली. ‘कर्णबधिर बँक’ काढायला लावलं. माझं सर्वात चांगलं वाक्य होतं.

शेवट तिने सांगितला तसा लिहिला. ‘मी सत्य सांगितले होते. ते नीट ऐकून घेण्यात यावे.’

मान्य करावं लागेल, बरा आहे.

९ फेब्रुवारी

गुरुवारी नांदेडला सुनावणी. मी शिवकांताची तयारी करून घेते आहे. तिकडे सुनावणी घेणाऱ्या बाई पुण्याकडच्या आहेत, असं कळलं. म्हटलं, तिथे ‘राहिले’ नको. सरळ ‘करत आहे’ म्हण.

“मी भाकरी करत… आहे.”

“मध्ये थांबू नकोस.”

“आहे आहे करून जीभ पोळून राहिली अक्का.”

“पोळते आहे!”

“तेच की.”

१३ फेब्रुवारी

आज सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सकाळची एसटी पकडली. चाकूरला एक म्हातारी चढली आणि शिवकांताच्या पिशवीतल्या भाकरीच्या वासाने तिला चिकटून बसली ती लोह्यापर्यंत. इरकल नेसून, कपाळाला भस्म लावून शिवकांता अशी बसली होती की कंडक्टरनेही तिला अदबीने तिकीट दिलं.

ऑफिसात तनुजा मॅडम. चाळिशीच्या, चष्मा, आवाज मवाळ. बाजूला रविकिरण, लातूरहून फाइल घेऊन आलेला. मॅडमनी विचारलं, “तुम्ही सांगा, सध्या व्यवसायाची स्थिती काय?”

शिवकांता माझ्याकडे पाहून, शिकवलेलं आठवून, मोठ्याने म्हणाली, “मी भाकरी करत… होते.”

मॅडमनी मान वर केली.

“होते, की आहे?”

“होते… आहे. होते आहे.”

मॅडमनी पेन उचललं. शिवकांताच्या कानशिलावर घाम. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहिलं, आणि तेही माझ्या व्याकरणाने. मग मला राहवलं नाही.

“मॅडम, ही बाई रोज पहाटेपासून ज्वारी थापून घर चालवते, आणि तुमचं खातं ‘होते’ आणि ‘आहे’ निवडत बसलंय. उगाच आमचा वेळ कशाला घेऊन राहिलात?”

शिवकांताने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय! तिथे हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

मी पुढे म्हणाले, “चूक फोनवर झाली, निवाडाही फोनवर होऊ द्या. तुमच्या टेबलावरचा फोन घ्या, आवाज मोठा ठेवा. हिच्या गिऱ्हाइकांचे नंबर मला पाठ आहेत, आयुष्य त्यात गेलं. एकच प्रश्न विचारा, शिवकांताबाई भाकरीचा धंदा करतात का? आम्ही दोघी गप्प बसतो.”

मॅडमनी रविकिरणकडे फोन सरकवला.

पहिला नंबर सिंधुताईंचा, नांदेडातच खानावळ चालवतात. प्रश्न ऐकून म्हणाल्या, “हाव, करून राहिल्या ना. का बरं? आजारी-बिजारी पडल्या का?”

रविकिरणने फोन ठेवून मॅडमकडे पाहिलं. “तेच म्हणाल्या, मॅडम. अगदी तेच शब्द.”

दुसरा उदगीरच्या महादेवप्पांचा. किराणा दुकान, शिवकांताचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात चिडकं. रविकिरणचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिकडून स्फोट झाला.

“कशाच्या करून राहिल्या! नुसतं हो हो म्हणून राहिल्या! आज गुरुवार, माल आला न्हाई, इथं गिऱ्हाईक माझं डोस्कं खाऊन राहिलं! तुमी कोण बोलून राहिले?”

मॅडम पुढे वाकल्या. “डोकं खाऊन राहिलं म्हणजे… खाऊन झालं?”

“झालं असतं तर बरं होतं की बाई! अजून खाऊन राहिलं, समोर उभं राहून!”

शिवकांताला दम निघेना. फोनकडे तोंड करून ओरडली, “अप्पा, मी नांदेडला बँकेत हाय! उद्या दुप्पट धाडते, जागा करून ठेवा!”

“तुमी बँकेत काय करून राहिल्या?”

“भांडून राहिले!”

आता मॅडम हसल्या. चष्मा काढून, डोळे पुसून. रविकिरणही हसला, मग आपण हसायचं की नाही ते न कळून थांबला. मॅडम म्हणाल्या, “एखादा धंदा चालू आहे याचा याहून चांगला पुरावा मी पाहिला नाही. गिऱ्हाईक बोंबलतंय.” मग शिवकांताकडे वळून, “पण नियमाप्रमाणे शाखेकडून अहवाल मागवावा लागेल. निकाल लेखी येईल. तुम्ही नवा अर्ज का नाही केलात? तेव्हाच झालं असतं.”

शिवकांता म्हणाली, “मॅडम, मला पैसे पायजेत. पण खोटी पडून न्हाई पायजेत.”

हे तिला मी शिकवलं नव्हतं.

येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. तिची पिशवी मी मांडीवर घेतली, पडेल म्हणून. कंडक्टरने विचारलं, कुठून आलात? म्हटलं, ही माझी भावजय, आज विभागीय कार्यालयात हिची सुनावणी होती. त्याने एवढं विचारलं नव्हतं, पण सांगितलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

निकाल नाही. अमरनाथ उपवासाला आला आहे. साबुदाणा खाता खाता घरभर फिरून बघत होता, काय न्यायचं, काय ठेवायचं. “आई, तू दमलीस. आता तिकडे आराम कर.”

शिवकांता रताळी सोलत म्हणाली, “दमले तर बसंन की. नुसतं बसायला पुण्याला कशाला येऊ?”

“बँकेने पुन्हा नाही म्हटलं तर?”

ती म्हणाली, “मग बघू.”

हे ‘मग बघू’ मला आवडलं नाही. मी मध्येच अमरनाथला म्हणाले, तुझी आई इथे नसली तर उदगीर उपाशी मरेल. तो हसला, “उदगीर का, आत्या?”

काहीही विचारतो.

६ मार्च

मंजूर!

आदेशात लिहिलं आहे, ‘शाखेने स्थानिक बोलीतील निवेदनाचा विपरीत अर्थ लावला. अर्जदाराचे मूळ कथन सत्य होते.’ मी वाचलं. शिवकांता पिठाचे हात तसेच धरून उभी होती.

“म्हंजे मी चुकले न्हाई?”

“नाही.”

“परत वाचा.”

परत वाचलं. मग तिने महादेवप्पांपासून मुखेडच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांना फोन लावले आणि प्रत्येक वेळी फोन माझ्यापुढे धरला, अक्का, वाचा. घसा बसला. ट्रंक ऑपरेटर असताना इतकं बोलावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी रविकिरण पेढे घेऊन आला. शिवकांताने त्याला पोटभर जेवू घातलं. माझा अपिलातला मजकूर त्याने वाचला आहे, तरी पाया पडला. जाताना म्हणाला, “मॅडम, पुढच्या आठवड्यात पैसे येऊन राहिले.”

मी त्याला बजावलं, तुम्ही तरी मराठी बिघडवू नका.

३० मार्च, पाडवा

यंत्र आलं, भट्टी बसली. दारावर पाटी लागली. फक्त तिचं नाव, मोठ्या अक्षरात. अक्षरं मी रंगाऱ्यासमोर उभं राहून तपासली.

शिवकांता परवाच अमरनाथच्या वास्तुशांतीला पुण्याला गेली आहे. जाताना तिने सामान जरा जास्त घेतलं असं मला वाटलं. मी काही विचारलं नाही.

महादेवप्पांचा फोन. “बाई हायत का गेल्या कायमच्या?” मी त्यांना असं सुनावलं की पुन्हा विचारणार नाहीत. मग एकटीने गुढी उभारली. पाव खाल्ला.

२ एप्रिल

सकाळी सहाला रिक्षा थांबली. जास्तीचं सामान म्हणजे भाकऱ्या होत्या. अमरनाथच्या सोसायटीत विकून, वर ऑर्डरी घेऊन आली आहे. दारातच म्हणाली, “खोली लई चांगली हाय अक्का. वारं येतं. पण तिथं पहाटं थापायला लागले तर खालच्या मजल्यावरचे वर आले.”

“मग?”

“मग काय. त्यांनी बी शंभर घेतल्या.”

पाटीपुढे थोडा वेळ थांबली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली, आणि चूल पेटवायला आत गेली. नवं यंत्र घुरघुरतं आहे, वर थपथप आहेच. सातपर्यंत झोपायचं आता विसरायचं.

अजून लिहायचं होतं, पण शिवकांता कधीची हाक मारून राहिली आहे. माझी भाकरी गार होईल.